मामाजींची लीगल पैज

भारतात खेळांवरचा सट्टा कायदेशीर करून दाखवणारा खरा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. हे विधान मी गोंदियाच्या भर बाजारात उभा राहून करायला तयार आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी सडक अर्जुनीला बसमधून उतरावं, हायवे सोडून आत वळावं आणि पहिल्याच गावाच्या पारावर विचारावं, "लीगलवाले मामाजी कुठं राहतात?" सगळा पार एका दिशेला बोट दाखवील. फक्त विचारताना जरा जपून. "आज बहुतेक भारत जिंकणार" असं काही ओघात बोलून जाऊ नये. बोललात आणि समोरच्यानं "नाही जिंकत" म्हटलं, की पैज लागली. आणि पैज हरलात, की आषाढात तुम्ही गुडघाभर चिखलात उभे असाल आणि तुमच्या हातात भाताच्या रोपांची पेंडी असेल.

मामाजी उंच आणि काटक. मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्यावरचे केस मात्र अजून काळेभोर. हे काम असं उलटं का झालं ते त्यांनाही ठाऊक नाही. अंगात सदरा, खाली धोतर, खांद्यावर पंचा आणि गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. आवाज असा, की कानात काही सांगायला आले तर शेजारच्या घरांना कळतं. माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनची बातमी त्यांनी मला "कोनाले सांगू नका बरं" असं म्हणून देवरीच्या बसस्टँडवर सांगितली होती, तेव्हा उभ्या बसमधल्या दोन बायका चौकशी करायला खाली उतरल्या. या आवाजाचा पुढे त्यांच्या कायद्याला मोठा उपयोग झाला.

मामाजींचे पूर्वज माळव्यातून इकडे आले. आले ते का आले, याची बरीच कारणं जाणती माणसं सांगतात. मामाजींचं कारण वेगळंच आहे. त्यांच्या मते दोन भावांत पैज लागली, वैनगंगा आधी कोण गाठतं, आणि दोघंही एवढ्या जोरात निघाले की परतीची वाट विसरले. ही कथा ते पाहुण्यांसमोर इतक्या गंभीरपणे सांगतात, की माझ्या ऑफिसातल्या एका साहेबांनी ती खरी मानून चारचौघांत सांगितली होती. पैज हा मामाजींच्या घराण्याचा धर्मच आहे म्हणा ना. हिवाळा लागला की ते नागऱ्याच्या महादेवाला जाऊन येतात. तिथं ते जय मागत नाहीत. "देवा, कोनीही जिंकू दे, पन बरोबरीत सोडवू नोको," एवढंच मागतात.

त्यांची लीगल पैज सुरू झाली ती शंकरपट बंद होते त्या काळात. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. हिवाळ्यात गावोगाव पट भरायचे, पाहुणे यायचे, नाटकं व्हायची, पोरापोरींच्या सोयरिकी जमायच्या. कोर्टाची बंदी आली आणि हिवाळ्यात नुसती थंडी उरली. रिकाम्या हातांना मग मोबाईल सापडला. गावातली मंडळी क्रिकेटवर पैसे लावायला लागली, तेही चोरून. कोणी हरला की ओसरीवर तोंड पाडून बसायचा आणि बायकोला सांगायचा, डोकं दुखून राहिलं. मामाजींना हरण्याचं कधीच वाईट वाटलं नाही, पण चोरून हरणं त्यांना सहन व्हायचं नाही. अशात एक दिवस चहाच्या टपरीवर कोणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होतं. देशातल्या एका लहानशा राज्यात म्हणे खेळांवर पैज लावायला सरकारच परवाना देतं, तिथं रीतसर दुकानं असतात, भाव लागतात. मामाजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"मंग आपल्याले कोन अडवून राहिलं?"

"मामाजी, ते राज्य आहे," मी म्हणालो. मी गोंदियाहून पाहुणा आलो होतो आणि जावई म्हणून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणं माझं कर्तव्य होतं. "राज्याला कायदा करता येतो."

"लहान राज्य हाय म्हनते ना? आपलं गाव त्याहून लहान हाय, जवाईबापू. आपल्याले कायदाबी लहानच लागन."

आणि तो लहान कायदा त्यांनी तिथल्या तिथे, चहा गार व्हायच्या आत करून टाकला. पैज लावायची तर पारावर, मोठ्यानं, चारचौघांत. मनातल्या मनात लावलेली, कानात सांगितलेली, मोबाईलवर लिहिलेली पैज बाद. पैसा नाही, सोनं नाही, दारू नाही, जमीन नाही. लावायचं ते आपल्या हाडांचं काम. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या भाताच्या बांधीत रोवणा लावायचा, म्हणजे भाताची रोपं चिखलात रोवायला जायचं. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत माणूस शोधायला निघालात तर देव भेटेल पण मजूर भेटत नाही, त्यामुळे या चलनाला त्या गावात भलताच मान आला. आणि हरलेल्याला दुपारचं पोटभर जेवू घालायची जबाबदारी जिंकलेल्याच्या घरावर. "हारलेला मानूस उपाशी नाही राह्यला पाह्यजे," मामाजी म्हणाले, "नाहीतं पुढच्या साली लावनार कोन?"

भावही लागायला लागले. पारावर बसून मामाजी भाव फोडायचे. जिंकणार अशी सगळ्यांची खात्री असलेली बाजू धरली तर समोरच्याच्या एका दिवसापुढे तुमचे दोन दिवस. हरणारी धरली तर तुमचा नुसता सकाळचा वेळ. कबड्डीच्या सामन्याला भाव, क्रिकेटला भाव, निवडणुकीला मात्र नाही, कारण तो खेळ नाही असं त्यांचं मत होतं. स्वतः मामाजी कधीच पैज लावत नसत. भाव काढणाऱ्यानं पैजेत उतरलं तर भावात खोट येते, हा त्यांचा नियम. इतक्या वर्षांत मोह झाला नसेल असं नाही. भारताची शेवटची विकेट पडायला आली की त्यांच्या मिशा थरथरायच्या, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मामीजी म्हणायच्या, "दुसऱ्याच्या पैजेनं यायचं बीपी वाढते, अन् निस्तरायचं मले." कारण पैजेचे सगळे तंटे मामाजींच्या ओसरीवर सुटायचे आणि दोन्ही पक्षांना चहा मामीजींच्या चुलीवरून जायचा.

कायदा कडक होता. गावातल्या किराणावाल्या शेठनी एकदा हरल्यावर स्वतःऐवजी मजूर पाठवला. मामाजींनी मजुराला चहा पाजला, घरी धाडलं आणि स्वतः दुकानासमोर जाऊन उभे राहिले. "शेठ, पैज तुमी हारले का त्यानं?" शेठ काकुळतीला आले, "अरे मामाजी, कमर में दर्द है, समझो ना." मामाजींनी समजून घेतलं. "दर्द है तो धीरे धीरे लगाओ. पन या तुमी." शेठ आले, पॅन्ट वर गुंडाळून चिखलात उतरले, आणि दुपारी जिंकलेल्याच्या घरचा भात खाताना म्हणाले की असा भात त्यांच्या दुकानात येत नाही. माझीही सुटका झाली नाही. "आज आपण आरामात जिंकू" एवढंच मी पारावर म्हणालो होतो. शाळेतले गुरुजी लगेच "नाही जिंकत" म्हणाले, आणि आपण आरामात हरलो. गुरुजींच्या बांधीत मी लावलेली रोपं थोड्या वेळानं पाण्यावर तरंगत माझ्याकडे परत येत होती. गुरुजींच्या आईने ती पुन्हा लावली आणि मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायला सांगितलं. तरी सांगतो, पैसे हरून बसलेला माणूस मी पाहिला आहे आणि रोवणा हरलेलाही पाहिला आहे. दुसऱ्याच्या अंगाला चिखल लागतो, पण तो हसत घरी जातो. दोन-तीन वर्षांत त्या गावातली मोबाईलवरची पैज आपोआप बंद पडली. पुढे सरकारनंही तसले खेळ बंद केले, तेव्हा मामाजी म्हणाले, "उशीर केला, पन चांगलं केलं." जणू दिल्लीवाले त्यांच्याच सल्ल्यानं चालले होते.

आता त्यांच्या मोठ्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही. मोठे मामाजी गल्लीच्या पलीकडे राहायचे. दोघांमध्ये एक गल्ली आणि कितीतरी वर्षांचा अबोला होता. भांडण जमिनीवरून नव्हतं. जमिनीची वाटणी शहाण्यासारखी झाली, भांडीकुंडीही वाटली गेली. अडलं ते वडिलांच्या पटाच्या जोडीवर. हिऱ्या आणि मोत्या अशी ती जोडी होती आणि दोघांनाही ती हवी होती. शेवटी पंचांनी हात टेकले आणि या दोन हट्टी भावांनी जगात कोणी केली नसेल अशी वाटणी केली. हिऱ्या थोरल्याकडे, मोत्या धाकट्याकडे. एका बैलानं पट पळत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. लोक म्हणाले, एकानं दुसऱ्याला द्यावा. दोघांचंही उत्तर एकच, "माहा देत नाही, त्याचा घेतो." तलावावर पाण्याला नेलं की हिऱ्या आणि मोत्या मात्र एकमेकांना खेटून उभे राहायचे, आणि दोघे भाऊ दोन दिशांना तोंड करून खर्रा चघळायचे. बैल म्हातारे झाले, गेले. पट बंद झाले. अबोला तेवढा टिकून राहिला, कारण आधी बोलायचं कोणी हे ठरलं नव्हतं.

मग वरच्या कोर्टानं पटाला परवानगी दिली आणि त्या हिवाळ्यात गावात पट भरला. काय गर्दी! बोरं, चणे, आलुबोंडे, पाळणे, लाऊडस्पीकर, सोयरेधायरे. मामाजींनी नवं धोतर काढलं होतं. पटाच्या मैदानाच्या टोकाशी, मांडवाखाली त्यांचं पैजेचं दुकान लागलं होतं. दुकान म्हणजे काय, ते स्वतः आणि त्यांचा आवाज.

सकाळीच ठाणेदारसाहेब आले. नवीन होते, घाटावरचे. इथं सट्टा चालतो अशी कोणीतरी तक्रार केली होती. त्यांनी मामाजींना बाजूला घेतलं. बाजूला घेतल्याचा काही उपयोग झाला नाही, कारण मामाजींची उत्तरं सगळ्या मैदानाला ऐकू जात होती.

"चिठ्ठ्या कुठं आहेत?"

"चिठ्ठी नाही साहेब. तोंडानं."

"पैसे कोणाकडं जमा होतात?"

"पैसाच नाही त जमा कायले होईन?"

"मग लावता काय तुम्ही?"

"रोवणा."

साहेबांना रोवणा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ते मी केलं, शक्य तितक्या कायदेशीर भाषेत. साहेबांनी बराच विचार केला. दुसऱ्याच्या शेतात रोप लावणं हे कोणत्या कलमात बसतं हे त्यांना आठवेना. "हे लीगल आहे की नाही तेच मला समजत नाही," ते म्हणाले आणि चहा घेऊन खुर्चीवर बसले. तेवढ्यात एक लाल जोडी मैदानात आली. बैल जरा सुस्त दिसत होते. साहेब सहज बोलून गेले, "या लाल जोडीचं काही खरं नाही." शेजारी बोरं विकायला बसलेली म्हातारी ताडकन म्हणाली, "मी लावतो! लाल जिंकन!" आणि मामाजींनी हात वर करून पुकारा केला, "साहेबाची पैज लागली हो!"

"अहो, मी नुसतं म्हणालो!"

"मोठ्यानं म्हटलं साहेब. चारचौघांत म्हटलं. लागली."

लाल जोडी जिंकली. साहेबांबद्दल एवढंच सांगतो की आषाढात ते खरोखर आले. वर्दीत नव्हे, अर्ध्या चड्डीत. म्हातारीच्या एवढ्याशा बांधीत दुपारपर्यंत वाकले, तिच्या हातचा वरणभात खाल्ला आणि जाताना तिला नमस्कार करून गेले. त्यानंतर मामाजींच्या विरुद्ध तक्रार करायला कोणी ठाण्यात गेल्याचं ऐकिवात नाही.

पण त्या दिवशीची खरी पैज दुपारी लागली. पटात दोन-दोन जोड्या सोबत सुटतात. देवरीकडची एक नावाजलेली पांढरी जोडी आणि आमच्याच गावच्या दूधवाल्याचे दोन नवखे गोऱ्हे अशी गाठ पडली होती. गोऱ्हे एवढे नवखे, की मैदानात येताना त्यातला एक बोरांच्या टोपलीपाशी थांबला होता. मामाजींनी भाव फोडला आणि हसून म्हणाले, यात कोणी लावू नये, यात मजा नाही. तेव्हा गर्दीतून मोठे मामाजी पुढे आले. काठी टेकत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मामाजी माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर.

"जवाईबापू, तुमच्या मामाजीले सांगा, मी पैज लावून राहिलो. त्याच्याच संगं."

लोक मांडवाकडे सरकले. मामाजी कधी पैज लावत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मामाजींच्या मिशा थरथरल्या. "दादाले इचारा, कोन्त्या जोडीवर?"

"दूधवाल्याच्या गोऱ्ह्यांवर."

"थे जोडी माही हाय!" मामाजी ओरडले. "सांगा त्यायले. मी सकाळीच मनात धरली होती."

"मनात धरलेली चालत नाही म्हना. मोठ्यानं म्हना लागते. त्याचाच कायदा हाय."

"दादाले म्हना गोऱ्हे सोडा. मी दोन दिवस लावतो."

"मी चार लावतो. सोडत नाही म्हना."

लोकांना काही समजेना. दोन जाणती माणसं, उभं आयुष्य बैलांत गेलेलं, आणि हरणाऱ्या जोडीसाठी भांडत होती. मीही आधी चक्रावलो. मग थोरल्याचे डोळे पाहिले, धाकट्याचे पाहिले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जो हरेल त्याला दुसऱ्याच्या बांधीत जावं लागणार होतं. कायद्यानंच जावं लागणार होतं, मान खाली न घालता, पहिला शब्द न बोलता. दोघांनाही हरायचं होतं. इतक्या वर्षांनी एकमेकांच्या घरात पाय ठेवायला या दोघांना एक पराभव हवा होता आणि तो दोघंही एकमेकांच्या हातून हिसकावून घेत होते. 

कायद्याप्रमाणे मोठ्यानं आधी बोलले ते मोठे मामाजी. गोऱ्हे त्यांचे. मामाजींना नाइलाजानं पांढरी जोडी घ्यावी लागली. स्वतःच पैजेत उतरल्यामुळे त्यांनी निकालाचं काम माझ्याकडे आणि ठाणेदारसाहेबांकडे दिलं आणि पडेल चेहऱ्यानं उभे राहिले. जिंकण्याची एवढी धास्ती घेतलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

झेंडी पडली. पांढरी जोडी सुटली ती सुसाट. मामाजींनी डोळे मिटले. गोऱ्हे जागच्या जागी उभे. जोडी हाकणारा धुरकरी ओरडतो आहे, लोक ओरडताहेत, गोऱ्ह्यांना पत्ता नाही. आणि मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दूधवाल्याची बायको उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत, हातात कोंड्याचं घमेलं घेऊन, आणि तिनं रोज संध्याकाळी घालते तशी हाक घातली. गोऱ्ह्यांनी कान टवकारले. मग ते जे सुटले ते थेट. नेमक्या त्याच वेळी पांढऱ्या जोडीतला एक बैल लाऊडस्पीकरच्या आवाजानं बिचकून मांडवाकडे वळला, आणि गोऱ्ह्यांनी घमेल्यात तोंड घातलं तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं की शर्यत संपली.

पांढऱ्या जोडीचा मालक धावत आला. घमेलं दाखवणं बेकायदेशीर आहे, शर्यत पुन्हा घ्या. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. आम्ही तोंड उघडण्याआधीच मामाजींचा आवाज घुमला, "काऊन? मालकीनीनं समोर उभं नाही राहाव असं कोन्त्या कायद्यात लिवलं हाय? गोऱ्हे जिंकले! मी हारलो!"

स्वतःच्या विरुद्ध निकाल देणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? मामाजी हरल्याबद्दल लोकांच्या शुभेच्छा घेत संध्याकाळपर्यंत मैदानात फिरत होते. मोठे मामाजी मात्र खुर्चीवर बसून कपाळाला हात लावून म्हणत होते, "आता हा घरी येईन. याले जेवाले काय घालाव बावा?"

आषाढात मामाजी थोरल्याकडे रोवण्याला गेले. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. पहाटे उठून त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि तो चिखलात भरेल म्हणून मामीजी बोलल्या तरी बदलला नाही. थोरल्याच्या बांधीत उतरले, पेंडी सोडली, वाकले. मोठे मामाजी धुऱ्यावर छत्री धरून बसले होते.  बायका रोवण्याची गाणी म्हणत होत्या. मग धुऱ्यावरून आवाज आला, माझ्या मार्फत नव्हे, थेट.

"ओळ वाकडी जाऊन राहिली तुही."

मामाजी सरळ उभे राहिले. दोन्ही हात चिखलात माखलेले. "तुमीच त शिकवली होती, दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा तो मैदानभर पोचणारा आवाज मला, चार पावलांवर असून, नीट ऐकू आला नाही.

त्या दुपारी थोरल्या मामीजींनी काय काय केलं होतं ते सांगत बसत नाही. दोघे भाऊ एका ताटाला बसले आणि पटाच्या बैलांबद्दल इतकं भांडले, की मामाजींना संध्याकाळी पुन्हा बांधीत नेता आलं नाही. चार दिवसांचा रोवणा त्यांनी आठवडाभर पुरवला. त्यानंतर दर हिवाळ्यात दोघे पारावर शेजारी बसायला लागले. भाव धाकटा फोडायचा आणि तो चुकला हे थोरला सांगायचा. मला या माणसाचा अभिमान वाटतो तो यासाठी. ज्या राज्यात सट्टा कायदेशीर आहे तिथं दुकानं मोठी असतील, पण दोन माणसं हरण्यासाठी भांडली असतील असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी थोरल्या मामीजी गेल्या. मोठ्या मामाजींचे गुडघे आधीच गेले होते. त्यांच्या मुलानं त्यांना रायपूरला नेलं, वरच्या मजल्यावरच्या घरात. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, तिथं काही कमी नाही. पण गाव नाही. यंदाच्या हिवाळ्यात पट भरला तेव्हा मामाजींनी मांडवात फोन लावला आणि लाऊडस्पीकरसमोर धरला, कारण पैज चारचौघांत हवी. पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि मग, "सगळ्यायत मरतुकडी जोडी कोनाची हाय? थे माही. तुह्या संगं लावतो."

सगळं मैदान हसलं. मामाजी हसले नाहीत. त्यांनी निमूट दुसरी जोडी घेतली. यावेळी कोणी घमेलं घेऊन उभं राहिलं नाही. मोठे मामाजी हरले. फोनवरून त्यांचं हसणं मैदानभर ऐकू आलं, आणि ते म्हणाले, "मंग आता आलोच मी आषाढात. काऊन? हारलो न मी."

मृगाच्या सुमारास मुलाचा फोन आला. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, बाबांना श्वास लागतो, या वर्षी राहू द्या. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाले, फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याला लागून असलेल्या बांधीचा धुरा रुंद करून घेतला, गाडी थेट तिथपर्यंत यावी म्हणून. धुऱ्यावर खुर्ची ठेवायला जागा केली. "एकच मूठ लावाची त्यायनं," ते मला म्हणाले, "खुर्चीवर बसून. बाकीचं मी लावतो." मग रस्त्याकडे पाहत इतक्या हळू बोलले की हा आवाज त्यांच्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं. "येईन ना गा थो?"

 मामाजींनी पंचा झटकला, घसा खाकरला आणि मला पारावर घेऊन गेले. तिथं चारचौघं बसले होते. त्यांच्यासमोर, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मी लावतो. दादा येते." आयुष्यात ही त्यांची तिसरी पैज. आता पैजेला दुसरी बाजू लागते. पारावरचा एकही माणूस ती घ्यायला तयार होईना.  मामाजी माझ्याकडे पाहत होते. मग मीच पुढे झालो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मी लावतो, मामाजी. येत नाहीत."

पऱ्हे, म्हणजे रोवण्याची रोपं, आता वीतभर झाले आहेत. पाऊस झाला की रोवणा सुरू होईल. ऑफिसात मी रजेचा अर्ज आताच देऊन ठेवला आहे. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, पैज हरणार आहे.